ऑप्टोमेट्रीची पहिली परीक्षा तुम्ही कशी काढलीत? अनुभव लिहा

परवा ओपीडी संपल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी ट्रायल सेटच्या (नंबर तपासायच्या लेन्सच्या पेटीच्या) टेबलापाशी नुसती उभी होती. विचारलं तर म्हणाली, "दादा, परीक्षा दोन आठवड्यांवर आली आणि मला ऑप्टिक्सचं काहीच येत नाही. घरी काय सांगू?" तिला सुचेल ते सांगितलं, पण ते अपुरं वाटत राहिलं, म्हणून हा धागा. डोळे तपासून नंबर काढायला शिकवणाऱ्या आपल्या कोर्सची तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, पण सोलापुरात अजून बऱ्याच घरांत तो "चष्म्याचा कोर्स" एवढाच माहीत आहे. इंजिनिअरिंगच्या पोराला गल्लीत दहा सीनियर भेटतात, आपल्याला एकही नाही. तेव्हा ज्यांनी ही परीक्षा दिलीय त्यांनी लिहा. नापास झालेल्यांनी तर नक्की लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. पहिल्या इंटर्नलला ऑप्टिक्समध्ये मला ५० पैकी १४ पडले. सूत्रं सगळी पाठ होती. गणित होतं: +५ डायॉप्टरच्या लेन्सपुढे ५० सेंमीवर वस्तू, तर प्रतिमा कुठे? डायॉप्टर म्हणजे ताकद, १०० भागिले सेंमीतलं अंतर. वस्तू लेन्सच्या डावीकडे, म्हणून तिचे −२. +५ मधून २ गेले, राहिले +३, प्रतिमा ३३ सेंमीवर. मी उणे चिन्ह विसरलो, +७ आले आणि १४ सेंमी लिहून मोकळा झालो. पुढची तीन गणितं त्याच चुकीवर गेली.

नंतर एका सीनियर ताईने +५ ची लेन्स हातात दिली आणि समोरच्या भिंतीवर लांबच्या खिडकीचं चित्र पाडायला लावलं. चित्र बरोबर २० सेंमीवर पडलं, उलटं, गजांसकट. ती म्हणाली, "वस्तू जवळ आली की प्रतिमा लेन्सपासून लांब सरकते. मग २० च्या आत १४ वर येईलच कशी?" त्या दिवसापासून आधी आकृती, मग आकडा, आणि उत्तर आल्यावर एकदा खिडकी आठवायची. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत एकही चिन्ह चुकलं नाही.

तिसरं वर्ष, अशोक चौक:
आमच्या घराच्या पुढच्या खोलीत लूम आहेत, टॉवेलचे. सगळ्यांनी सांगितलं की शांत जागा शोध. मी आठवडाभर अभ्यासिकेत गेले आणि एक पान डोक्यात गेलं नाही. जन्मापासून त्या खडखडाटात वाढलेली मी, तिथल्या शांततेत मला नुसती भीती ऐकू यायची. परत घरी येऊन बसले आणि रेटिनाचे (डोळ्याच्या मागच्या पडद्याचे) दहा थर लूमच्या ठेक्यावर म्हणत पाठ केले. तुम्हाला जिथे सवय आहे तिथेच बसा.

दुसरं वर्ष:
आमची परीक्षा जानेवारीत, नेमकी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत आली. सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) ६८ लिंगांना निघतात त्या दिवशी घरात कोण थांबतंय? आमचे आजोबा मानकऱ्यांबरोबर चालतात. मी तेवढा अर्धा दिवस मिरवणुकीत गेलो, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा बघितला आणि दोन्ही दिवस संध्याकाळी मन लावून बसलो. होम मैदानावर पाळण्यात मात्र गेलो नाही. गेलो असतो तर परीक्षा बुडाली नसती, पण तेव्हा तसं वाटायचं.

तिसरं वर्ष, घरी तेलुगू:
माझी शाळा मराठी माध्यमाची. दहावीपर्यंत पारपटल, परितारिका, दृष्टिपटल. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कॉर्निया, आयरिस, रेटिना, आणि वर्गातल्या मुली ही नावं लहानपणापासून येत असल्यासारख्या बोलायच्या. मी घाबरून इंग्रजी वाक्यंच्या वाक्यं पाठ करायला लागले. परीक्षेत मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं पुसलं जायचं.

मग आईला सांगायला सुरुवात केली. तेलुगूत. कॉर्नियाचे पाच थर, सगळ्यात मागे एंडोथेलियम, तो आतलं पाणी बाहेर पंप करतो म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो, तो थकला की कॉर्निया फुगून धुरकट होतो. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या गच्चीवरच्या मोटारीसारखं?" हो, तसंच. जे आईला कळलं ते मला कधी विसरलं नाही. इंग्रजी शब्द शेवटी तेवढे बसवायचे. रोज वीस शब्द, स्पेलिंगसकट, वहीत लिहून.

इंटर्न, विडी घरकुल:
वरच्या ताईंच्या आईचं वाचून लिहावंसं वाटलं. माझी आई विड्या वळते. दिवसाला हजार. मी पहिल्या वर्षी अ‍ॅकोमोडेशन वाचत होतो: जवळ बघताना सिलिअरी स्नायू आवळतो, झोन्यूल, म्हणजे भिंगाला धरणाऱ्या दोऱ्या, ढिले पडतात आणि भिंग फुगतं. चार वेळा वाचलं, चारही वेळा उलटं आठवलं. स्नायू आवळला म्हणजे भिंग ताणलं जाईल असंच वाटायचं, कारण ताणणं म्हणजे जोर हे डोक्यात बसलेलं.

एका रात्री आई सूप मांडीवर घेऊन बसली होती आणि पान हळूहळू डोळ्यांपासून लांब नेत होती. वय ४८. पुस्तकात अंदाजासाठी एक सूत्र आहे: जवळ बघायची किमान ताकद म्हणजे १५ मधून वयाचा चौथा हिस्सा वजा. १५ वजा १२, राहिले ३ डायॉप्टर. विडी वळताना हात ३३ सेंमीवर, त्यालाही लागतात ३. म्हणजे या हिशेबाने आई आठ तास डोळ्यांची सगळीच्या सगळी ताकद लावून बसत होती. माणूस निम्मी ताकद राखून काम करतो तेव्हाच डोळे दुखत नाहीत. तिची डोकेदुखी मी वर्षभर उन्हाच्या नावावर घातली होती.

त्या रात्री अभ्यास झाला नाही. दुसऱ्या दिवशी आईला कॉलेजात नेलं, मॅडमनी तपासून जवळचा नंबर काढून दिला. पेपरात अ‍ॅकोमोडेशनवर प्रश्न आला तेव्हा मी चार पानं लिहिली. स्नायूचं वर्तुळ आवळलं की आतलं अंतर कमी होतं, म्हणून दोऱ्या ढिल्या पडतात, ही आकृती मी अजून डोळे मिटून काढू शकतो.

दुसरं वर्ष, जुळे सोलापूर:
प्रॅक्टिकलसाठी एकच सांगतो. शेजारपाजारच्या जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या गोळा करा आणि ट्रान्सपोझ करत सुटा, म्हणजे तोच नंबर सिलिंडरचं (तिरप्या नंबराचं) चिन्ह बदलून दुसऱ्या रीतीने लिहायचा. −२.०० ला +१.०० सिलिंडर, अ‍ॅक्सिस (त्याचा कोन) १८०, म्हणजे −१.०० ला −१.०० सिलिंडर, अ‍ॅक्सिस ९०. अशा पन्नास केल्या की व्हायवात (तोंडी परीक्षेत) हात थरथरला तरी उत्तर बरोबर निघतं.

तिसरं वर्ष:
मी पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाले. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) तपासून मिळायला उशीर झाला, शेवटच्या दिवशी परत लिहायला सांगितलं, आदल्या रात्री पेपरऐवजी मी आकृत्या रंगवत बसले होते. त्याचा राग अजून आहे. पण खरं हेही आहे की जर्नल मी दोन महिने साठू दिलं होतं. दर शनिवारी त्या आठवड्याचं पूर्ण करून सही घ्या. आणि निकाल लागला त्या दिवशी घरी लगेच सांगा. मी आठ दिवस लपवलं, ते आठ दिवस नापास होण्यापेक्षा वाईट गेले. वडील एवढंच म्हणाले, "परत कधी आहे? फी किती?" सप्लिमेंटरीत ६२ टक्के मिळाले.

(धागाकर्ता) सगळ्यांचं वाचतोय. टेबलापाशी उभ्या असलेल्या त्या मुलीला धागा दाखवला, ती शेवटचा अनुभव दोनदा वाचून घरी फोन करायला बाहेर गेली. पहिल्या वर्षाच्या कुणाला लेन्स हातात घेऊन गणितं करायची असतील तर ओपीडी संपल्यावर या, खिडकीजवळचं टेबल मोकळं असतं. येताना घरातला जुना चष्मा आणि एखादी चिठ्ठी घेऊन या.