छंदाच्या नकाशासाठी सरकारी डेटा: पाहायला खुला, वापरायला बंद का?

घाटमाथा (धागाकर्ता):
पाचनई, खिरेश्वर आणि बेलपाडा या तिन्ही बाजूंनी हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटा मराठी नावांसह दाखवणारा नकाशा मी सध्या हौसेने तयार करत आहे. त्या कामातून बनलेले एक मत येथे मांडतो. सॉफ्टवेअरची अडचण आता राहिलेली नाही. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेले क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याचा स्रोत खुला आहे, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) काढण्यापासून छपाईसाठी नकाशा मांडण्यापर्यंतची सर्व कामे त्यात घरच्या साध्या लॅपटॉपवर होतात. घोडे अडते ते डेटापाशी.

भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ साली, आपल्या अडीचशेव्या वर्षी, १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत उपलब्ध केले. हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. परंतु पीडीएफ म्हणजे अखेर चित्रच. त्यातील ओढा किंवा पाऊलवाट वापरायची असेल, तर कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश भरून ते चित्र आधी जागेवर बसवावे लागते आणि मग माउसने एकेक रेषा गिरवत बसावे लागते. त्याच रेषा विभागाकडे संगणकीय स्वरूपात तयार असताना नागरिकाने त्या पुन्हा का गिरवाव्यात? १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे की, गोपनीय भाग वगळता सार्वजनिक पैशातून तयार झालेला भूस्थानिक (म्हणजे जागांविषयीचा, नकाशाचा) डेटा भारतीयांना वापरावर निर्बंध न घालता सहज मिळावा; आणि त्यातील ‘भारतीय’ या व्याख्येत कंपन्यांबरोबर सामान्य नागरिकही येतो. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, समोच्च रेषा, जलप्रवाह आणि वाटा यांचा डेटा थेट उतरवून घेता यावा आणि त्यासोबत २०१७ च्या शासकीय खुल्या डेटा परवान्यासारखा स्पष्ट परवाना असावा.

त्रिकोणमिती:
आपली तळमळ समजते, पण मागणी पटत नाही. सर्वेक्षण ही एकदा करून संपणारी गोष्ट नसून रस्ते, धरणे आणि वस्त्या बदलत राहतात तशी तीही सतत करावी लागते, आणि तिचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. खुलेपणाचे उदाहरण म्हणून ज्या ब्रिटनकडे बोट दाखवले जाते, तेथील ऑर्डनन्स सर्व्हेने एप्रिल २०१० मध्ये काही नकाशे खुले केले, परंतु सर्वांत तपशीलवार डेटा आजही विकतच दिला जातो. शिवाय हौशी माणसाला पर्याय आहेतच. फेब्रुवारी २००० मधील अमेरिकी अंतराळयान मोहिमेतून रडारने मिळालेला ३० मीटरचा उंचीचा डेटा मोफत आहे आणि इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचाही मिळतो. त्यातून समोच्च रेषा काढायला क्यूजीआयएसला काही क्षण पुरतात. एवढे हाताशी असताना विभागाच्या मूळ डेटावर हक्क सांगणे मला अवाजवी वाटते.

घाटमाथा:
तो पर्याय मी वापरतोच, आणि त्याची मर्यादा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी लख्ख दिसते. या डेटात ३० मीटर लांब-रुंद चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळतो. कड्याच्या माथ्याचा एक आकडा, पायथ्याचा दुसरा, आणि मधल्या चौकोनांत दोन्हींची सरमिसळ होते. त्यामुळे ज्या समोच्च रेषा एकमेकींना खेटून असायला हव्यात त्या सुट्या पडतात आणि सरळसोट कडा उतरता येईल अशा उताराचे रूप घेतो. रडारच्या छायेत गेलेल्या दऱ्यांतील रिकाम्या जागा तर मागाहून भरून काढलेल्या आहेत. विभागाच्या नकाशात मात्र तेथे कड्याची खूण असते, कारण सर्वेक्षकाने ती जाणीवपूर्वक काढलेली असते. खर्चाचा मुद्दा खराच आहे. पण तो खर्च करदात्यांनी आधीच उचललेला आहे, आणि कंपन्यांकडून शुल्क घेण्यास माझा विरोधही नाही.

रानवाट:
इतका खटाटोप कशासाठी? छंदाचे काम आहे, त्यातून कोणी पैसे कमावणार नाही. गूगलच्या उपग्रहचित्रांवरून रेषा गिरवाव्यात आणि मोकळे व्हावे.

घाटमाथा:
याच्याशी मी मुळीच सहमत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या खुल्या जागतिक नकाशात अशी भर घालता येत नाही. दुसऱ्याच्या नकाशावरून परवानगीशिवाय उतरवलेली माहिती सापडली की ती काढून टाकली जाते. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आपल्याला मिळतो कसा, हेही पाहावे. जर्मनीतील जिओफॅब्रिक ही कंपनी त्यातील भारताचा भाग रोज नव्याने तयार करून ठेवते, तो कोणीही विनाशुल्क आणि विनानोंदणी घेऊ शकतो. त्याच्या बदल्यात अपेक्षा एवढीच असते की, योगदात्यांचा श्रेयनिर्देश करावा आणि सुधारलेला डेटासंच प्रसिद्ध केला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा. परवान्याची चाड आपणच ठेवली नाही, तर सरकारकडे स्पष्ट परवाना कोणत्या तोंडाने मागायचा?

दोरखंड:
डोंगरातील बचावकार्यात भाग घेणारा म्हणून माझा आक्षेप वेगळा आहे. डेटा मिळवण्याच्या या चर्चेत तो प्रसिद्ध केल्यावर काय होते, याचा विचार दिसत नाही. बेलपाड्याहून वर चढणारी नळीची वाट नकाशावर खिरेश्वरच्या वाटेसारखीच एक तुटक रेषा दिसते. घरी बसलेल्या नवख्याला त्या रेषेतील खडक, घसारा आणि वाट चुकण्याची शक्यता दिसत नाही. पूर्वी अशा वाटेवर गावातील माणूस सोबत घेतल्याशिवाय कोणी जात नसे, आणि तेच योग्य होते.

घाटमाथा:
धोका खरा आहे. परंतु रेषा लपवल्याने तो टळत नाही, कारण जीपीएसच्या नोंदी एकमेकांना पाठवल्या जातातच, आणि त्यांत वाटेच्या कठीणपणाविषयी एक शब्दही नसतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाट किती अवघड आहे आणि जमिनीवर कितपत दिसते हे नोंदवण्यासाठी स्वतंत्र खाने आहेत. ते भरले आणि नकाशात अवघड वाट वेगळ्या रंगाने दाखवली, तर नवख्याला सावध करता येते. सह्याद्रीतील अनेक वाटांसाठी हे खाने रिकामे आहेत, आणि ते आपल्यासारख्या अनुभवी माणसांनी भरावेत अशी माझी विनंती आहे.

त्रिकोणमिती:
कोकणकड्याच्या उदाहरणावरून एक मान्य करतो: १:५०,००० चा डेटा व्यक्तिगत, अव्यावसायिक वापरासाठी विनाशुल्क द्यावा. मात्र त्याहून तपशीलवार डेटावर शुल्क असावेच, आणि बदल केलेल्या नकाशावर विभागाचे नाव प्रमाणपत्रासारखे वापरले जाऊ नये, अशी अट परवान्यातच हवी.

घाटमाथा:
नावाविषयीची अट रास्त आहे. ‘अव्यावसायिक’ ही अट मात्र अडचणीची ठरेल, कारण ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना व्यावसायिक वापरासही मुभा देतो आणि अशा अटीचा डेटा तेथे घेताच येणार नाही. मग माझा नकाशा माझ्याच संगणकावर पडून राहील.

दोरखंड:
गावांची व घाटवाटांची मराठी नावे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी भरायला मी तयार आहे, कारण अडचणीत सापडलेला माणूस फोनवर ठिकाण सांगतो तेव्हा तीच माहिती आम्हाला उपयोगी पडते. खिरेश्वर आणि पाचनईच्या वाटांचे खानेही मी भरीन. नळीच्या वाटेची रेषा मात्र मी काढणार नाही, आणि आपण काढली तर पावसाळ्यात ती वाट टाळावी अशी टीप तिच्यासोबत जोडीन.