दयाळचा नर खिडकीच्या काचेशी भांडतोय, पिल्लांचं काय होईल?

नमस्कार मंडळी, पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे, जरा तातडीने.

कुंपणाच्या भिंतीतल्या कोनाड्यात दयाळच्या जोडीने घरटं केलंय. काड्या, मुळं, सुकं गवत सगळं मादीच आणत होती. नर वरच्या तारेवर शेपटी उभारून गात बसायचा. हिवाळाभर हाच पक्षी झुडपाखाली मुकाट फिरायचा, फार तर एखादी कर्कश चर्र. फेब्रुवारी सरला आणि उजाडायच्या आधीपासून त्याची शीळ सुरू झाली. आता पिल्लांचा आवाज येतोय.

अडचण नराची आहे. खिडकीच्या काचेत स्वतःला पाहून तो सकाळभर तुटून पडतो. छाती फुगवतो, शेपटी पसरतो आणि चोचीने टकटक मारत सुटतो. काचेवर ओलसर डाग पडलेत. मध्येच किडे, अळ्या घेऊन जातो, पण मादीच्या खेपा कितीतरी जास्त. आतून पडदा ओढला, फरक पडला नाही.

त्याला इजा होईल का? पिल्लं उपाशी राहतील का? घरटं दुसरीकडे हलवू या, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावणार कसं?

प्रतिसाद:
घरटं अजिबात हलवू नका, आईबाप पिल्लं सोडून जाण्याची भीती असते. आपल्याकडे दयाळची वीण साधारण मार्च ते जुलै चालते. या काळात नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही, आणि काचेतला त्याला दुसरा नरच वाटतो. आतल्या पडद्याने प्रतिबिंब जात नाही, काच बाहेरून झाका. जुनं कापड चालेल, साबणाचं पाणी फासलं तरी चालेल. वीण संपली की ही खोड आपोआप जाते.

अंडी मादी एकटीच उबवते, भरवतात मात्र दोघं. त्यातही हद्द राखण्याचा मोठा भार नरावर असतो, म्हणून त्याच्या खेपा कमी दिसतात. मादी सतत येतेय ना? मग पिल्लांचं पोट भरतंय. मला काचेपेक्षा मांजराची काळजी जास्त वाटते. आसपास आहे का?

धागाकर्ता:
मनापासून आभार! बाहेरून चादर बांधली. नर येऊन बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि अळी शोधायला निघून गेला. घरच्यांनाही पटलं.

मांजर मात्र येतं, रात्री भिंतीवरून. कोनाड्यापर्यंत त्याचा पंजा पोचू नये म्हणून काय करता येईल? घरट्याला धक्का न लावता जाळी बसवलेली कुणी पाहिली आहे का?