मुलांसाठी फसफसणारं मॉकटेल: कोला नको, रंगीत सिरपही नको. काय करता येईल?

गच्चीवाली_इंदूर

पुढच्या रविवारी लेकीचा आठवा वाढदिवस. सुदामा नगरातल्या आमच्या गच्चीवर, संध्याकाळी साडेसहाला. पंधरा मुलं येणार. खायचं ठरलंय: खोपरा पॅटीस, दहीवडे आणि केक. अडलंय ते पिण्यावर.

लेकीला ‘हॉटेलसारखं’ मॉकटेल हवंय. उंच ग्लास, वर फेस, रंग, कडेला मसाला. सासूबाई म्हणाल्या शिकंजी कर. पण आपली इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा. एक ग्लास प्यायलं की पोरं पॅटीसला हातसुद्धा लावणार नाहीत. आणि ती फसफसत नाही, ही लेकीची मुख्य तक्रार.

मला विचारायचंय ते असं:

पंधरा ग्लास भरेपर्यंत सोड्यातला गॅस टिकवायचा कसा? आधी जगमध्ये सगळं मिसळून ठेवलं तर चालेल का?

निळा रंग हवाच म्हणते. बाटलीतल्या रंगाशिवाय जमेल का?

लेकीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला टाइप-वन मधुमेह आहे. बाकीच्यांच्या हातात रंगीत ग्लास आणि तिच्या हातात साधं पाणी, असं मला अजिबात नकोय.

धाकटा तीन वर्षांचा आहे, तोही मागणारच.

---

पन्हंप्रेमी_ग्वाल्हेर

मे महिना आहे तर कैरी सोडून दुसरीकडे कशाला जायचं? कैऱ्या उकडून गर काढा, गूळ, वेलची, चवीला मीठ घालून घट्ट पन्हं करून फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात चार मोठे चमचे पन्हं, वर गार सोडा. गर असल्यामुळे फेस भसाभस वर येतो, तेव्हा ग्लास अर्धाच भरा, फेस बसू द्या, मग उरलेला सोडा ओता. गर गाळून घेतलात तर हा त्रास कमी.

घाई असेल तर सोड्याऐवजी पाण्यात थोडा खायचा सोडा आणि लिंबूसत्व टाकूनही फसफस होते. आमच्याकडे मुलांना ते बघायला फार आवडतं.

---

रामबागेतली_मावशी

अगं, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. जगमध्ये मिसळून ठेवू नकोस. सोडा सगळ्यात शेवटी, ज्याचा त्याच्या ग्लासात, मुलांच्या समोर ओतायचा. रामबागेतल्या मुंजींना आणि डोहाळजेवणांना सरबतं माझ्याकडे असतात. मोठ्या माणसांना तयार ग्लास ट्रेमधून दिला तरी चालतो. मुलांना मात्र ओतताना बघायचं असतं. ग्लासात लाल थर तळाशी बसलाय, वरून सोडा पडतोय, लाल रंग धाग्याधाग्याने वर चढतोय, बुडबुडे काठापर्यंत येऊन फुटतायत आणि नाकाला तुषार लागतायत. त्यांचं मॉकटेल म्हणजे हे. गोडाची ओढ त्यात आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असते.

माझा भर कोकमावर. रंग आपसूक येतो, आंबटपणा सोड्याशी छान जमतो, आणि साखर वेगळी ठेवता येते. ही शेवटची गोष्ट तुझ्या लेकीच्या मैत्रिणीसाठी मोलाची आहे.

दीडशे ग्रॅम आमसुलं एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजव. हाताने चांगली कुस्कर, गाळून घे, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेव. यात साखर अजिबात घालायची नाही. दुसऱ्या बाटलीत साखरेचा पाक: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळून एक उकळी आली की बंद, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड. पूड टाकून थोड्या वेळाने पाक गाळ, म्हणजे वास राहतो आणि कण राहत नाहीत. कण का नकोत ते पुढे सांगते.

अडीचशे मिलिलिटरच्या ग्लासात बर्फाचे दोन मोठे खडे, दोन मोठे चमचे कोकमाचं पाणी, तीन छोटे चमचे पाक. हलवून घे. मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा सोड, साधारण १२० मिलिलिटर. त्यानंतर चमचा फिरवायचा नाही, फार तर एकदा तळापासून हलकं वर उचलायचं. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा ग्लास होतात. पंधरा मुलं दोनदा मागणार असं धर, पाच बाटल्या लागतील, सहा आण. एक उघडली की ती संपेपर्यंत दुसरी उघडू नकोस आणि झाकण घट्ट लाव.

बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हव्यात. मे महिन्यातल्या इंदूरच्या गच्चीवर गरम सोडा उघडलास तर निम्मा गॅस झाकणाबरोबरच जातो.

आता कणांचं. मीठ, मसाला, पूड, काहीही बारीक सोड्यात पडलं की त्या कणांवर गॅसचे बुडबुडे धरतात आणि सगळा गॅस एका दमात फेस होऊन निघून जातो. चाट मसाला घातलेल्या लिंबू सोड्याचा फेस उतू जातो तो यामुळेच. म्हणून मसाला ग्लासात नको, काठाला लाव. लिंबाची फोड काठावरून फिरव आणि बशीत पसरलेल्या जीरावन मसाल्यात ग्लास उपडा टेकव. रोज पोह्यांवर भुरभुरलेलं जीरावन खाणारी इंदूरची पोरं आहेत, ती हा काठ चाटून पुसून खातात आणि म्हणतात, “आंटी, और मिलेगा?”

त्या मैत्रिणीसाठी: तोच ग्लास, तोच रंग, तोच काठ, फक्त पाक नाही. चव नुसती आंबट लागेल, त्यामुळे चिमटीभर सैंधव कोकमाच्या पाण्यातच विरघळवून घे. सोड्याची बाटली घेताना लेबल वाच. साधा सोडा म्हणजे पाणी आणि गॅस, साखर नाही. ‘लेमन सोडा’ लिहिलेल्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा साखर असते. आणि टॉनिक वॉटर चुकूनही घेऊ नकोस, त्यात क्विनाइन असतं, कडू लागतं, मुलांचं ते पेय नव्हे. सगळ्यात आधी तिच्या आईला फोन कर आणि काय-काय देणार ते सांग. पळापळ करून त्या मुलीची साखर उतरलीच तर काय द्यायचं, हेही आईलाच माहीत असतं. ते विचारून जवळ ठेव.

बाकीच्या मुलांच्या ग्लासात तीन छोटे चमचे पाक म्हणजे साधारण दोन चमचे साखर. तेवढ्याच कोल्यात चार चमच्यांहून जास्त असते.

धाकट्याला सोडा नको. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकात गॅस जातो, पोट फुगतं आणि रात्री तूच जागी राहतेस. त्याला तेच कोकम साध्या गार पाण्यात दे, बर्फाचे खडे न घालता, घशात अडकू शकतात. त्याच्या ग्लासालाही काठ कर, पण साखरेचा, म्हणजे त्याला आपलं वेगळं वाटणार नाही.

ग्वाल्हेरच्या भाऊंचं पन्हं सुरेखच. पण खायचा सोडा आणि लिंबूसत्वाबद्दल माझं मत वेगळं आहे. फसफस होते खरी. पण मागे खारट-साबणासारखी चव राहते आणि नको तेवढं सोडियम पोटात जातं. पित्ताची फसफसणारी पुडी टाकतात तेही मला पटत नाही. ते औषध आहे, मुलांनी त्याला सरबत समजू नये.

---

पन्हंप्रेमी_ग्वाल्हेर

मावशी, पटलं. खायचा सोडा बघण्यापुरता ठेवतो, प्यायला नाही.

---

गोकर्ण_बडोदा

निळ्यासाठी गोकर्णाची फुलं. वेल कुणाकडे तरी असतोच, आमच्या वाडीत दोन घरांच्या कुंपणावर आहे. आठ-दहा ताजी फुलं, मागचा हिरवा भाग काढून, कपभर गरम पाण्यात टाका. पाच मिनिटांत पाणी गडद निळं होतं. गाळून ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. मग ग्लासात लिंबाचा रस, पाक आणि सोडा, वर हे निळे खडे. बर्फ विरघळेल तसतसं निळं पाणी लिंबात उतरतं आणि जांभळं, मग गुलाबी होतं. आंबट लागलं की या फुलाचा रंग बदलतो. चव जवळपास काहीच नसते, म्हणून लिंबू-पाक नेहमीसारखाच ठेवा.

फुलं घरच्या वेलीचीच घ्या. हारवाल्याकडची नको, त्यांच्यावर काय फवारलंय ते कळत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. लग्नांत ग्लासातून धूर येणारी पेयं दिसतात, मुलं तेही मागतात. तो ड्राय आइस असतो, म्हणजे घट्ट गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश. तुकडा तोंडात गेला तर तोंड, घसा आतून भाजल्यासारखे सोलवटतात. मुलांच्या आसपासही नको.

---

पाइपवाला_इंजिनिअर

मावशींनी गार बाटलीचं सांगितलं त्याला आकड्याची जोड देतो. शून्य अंशाच्या आसपासचं पाणी वीस अंशाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. म्हणजे फक्त सोडा गार असून भागत नाही. ग्लास, कोकम, पाक, सगळंच गार हवं. ग्लास वापरायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

बर्फाचे मोठे, गुळगुळीत खडे घ्या. फोडलेला बर्फ खडबडीत असतो, त्याच्या प्रत्येक कडेवर बुडबुडे धरतात आणि शिवाय तो लवकर विरघळून चव पाणचट करतो. प्रत्येक ग्लास ओतल्याबरोबर हातात द्या.

घरात सायफन, म्हणजे घरीच पाण्यात गॅस भरायची बाटली, असेल तर बाटल्या आणायचीच गरज नाही. एक लिटरच्या सायफनला आठ ग्रॅम गॅसची एक छोटी नळकांडी लागते. सायफनमध्ये मात्र साधं गार पाणीच भरायचं, कोकम किंवा पाक नाही. नळी चिकट होते आणि फेस उसळतो.

---

गच्चीवाली_इंदूर

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. मैत्रिणीच्या आईशी बोलले. ती म्हणाली बिनसाखरेचा कोकम सोडा चालेल, आणि साखर उतरली तर काय करायचं ते लिहून पाठवलंय. पहिल्यांदाच कुणी आधी विचारलं, असंही म्हणाली.

आता लाल कोकम सगळ्यांना, आणि निळा-जांभळा लिंबू सोडा केक कापल्यावर. त्या दुसऱ्या फेरीतही पाक वेगळाच ठेवीन. पलीकडच्या गल्लीत गोकर्ण मिळाला.

मावशी, आमसुलं सियागंजातून आणू का? घेताना काय बघायचं? आणि काचेचे ग्लास चालतील ना?

---

रामबागेतली_मावशी

सियागंजात मिळतील, नाहीतर कोकणातला माल ठेवणाऱ्या मराठी किराणावाल्याकडे. बोटाने दाबून बघ. मऊ, काळपट जांभळी, किंचित ओलसर अशी घे. कडक, तपकिरी पडलेली जुनी असतात, त्यांना रंग सुटत नाही. एक तुकडा चावून मीठ किती आहे ते आधी बघ, काहींना खूप लावलेलं असतं. तसं असेल तर वरून सैंधव घालू नकोस.

काचेचे ग्लास गच्चीवर नकोत, पोरं अनवाणी पळणार. रंग दिसायला हवा म्हणून स्टीलचेही नकोत. जाड, पारदर्शक, धुऊन पुन्हा वापरता येणारे प्लास्टिकचे घे. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, कागदी मिळतात, पण सोड्यात लवकर मऊ पडतात. स्ट्रॉ दिलीच नाहीस तर उत्तम. स्ट्रॉने प्यायले तर काठाला लावलेलं जीरावन तोंडात कसं जाणार?