गाडी उभी आहे, गिऱ्हाईक दारात आहे: विकावी का?

निळीटाकी

माझ्याकडे १९९७ सालची मोटरसायकल आहे. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, किक स्टार्ट, पुढे-मागे ड्रम ब्रेक. नवी घेतली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. मीटरवर ८६,४१२ किलोमीटर आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे माझ्याच हातचे. इंजिन आजवर एकदाच उघडलं, पिस्टन-रिंगा बदलायला. टाकीचा निळा रंग मूळचाच आहे, फक्त डाव्या बाजूला गुडघा लागून लागून एक तळहाताएवढा भाग फिका झालाय.

गेल्या दोन वर्षांत ती जेमतेम शंभर किलोमीटर चालली असेल. वेळ मिळत नाही. दर रविवारी कव्हर काढतो, पुसतो, पाच मिनिटं चालू ठेवतो, परत झाकतो.

आता एका ओळखीच्यांचा भाचा मागे लागलाय. तेवीस-चोवीसचा आहे. येत्या रविवारी बघायला येणार. त्याने मोकळेपणाने सांगितलं की मागचा सांगाडा कापून, लहान सीट लावून, हँडल खाली घेऊन तो तिचं रूप पार बदलणार आहे. पैशांवरून अडलेलं नाही, घरच्यांचाही काही आग्रह नाही. अडलंय ते माझ्यापाशीच. आठवडाभर रोज एक ठरवतो आणि रात्री ते मोडतो. तुम्ही काय कराल?

रानवाट

विका. आणि या रविवारीच विका.

दोन वर्षांत शंभर किलोमीटर म्हणजे गाडी बंदच आहे. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्यातल्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, ते बुजायला कितीसा वेळ लागणार? हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. तुमचा निळा रंग बाहेरून शाबूत राहील आणि आतून टाकी जाईल. तुम्हाला ती आवडते याबद्दल मला शंका नाही. पण तिचं जे चाललंय त्याला जपणं म्हणता येणार नाही.

समोर एक मुलगा आहे, ज्याला ती हवीय. त्याच्या हातात ती रोज धावेल.

चक्रधर

रानवाट यांच्याशी पूर्ण असहमत. मी हेच ऐकून २००९ साली माझी टू-स्ट्रोक विकली. लोक म्हणाले, वापरत नाहीस, देऊन टाक. दिली. ती गेली तेव्हा फार काही वाटलं नाही. चार महिन्यांनी ड्रॉवरमध्ये तिची जास्तीची किल्ली सापडली आणि मी तिथेच खाली बसलो.

पुढे सहा वर्षांनी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी घेतली. चांगली आहे, पण ती नाही. माझ्या गाडीचा क्लच अगदी शेवटच्या बोटभर अंतरात सुटायचा, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पायाला एक हलका ठोका कळायचा. हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. पंचवीस-सत्तावीस वर्षांत गाडी आणि माणूस एकमेकांना घासून बसलेले असतात.

न वापरण्यावर उपाय आहे. विकण्यावर नाही.

रानवाट

चक्रधर, तुमचं दुःख खरं आहे, त्याला मी हात लावत नाही. पण दुसरी गाडी तंतोतंत तशी असती तरी तुम्हाला ती "ती" वाटली असती का? मला नाही वाटत. जे हरवलं त्यात गाडी थोडी होती आणि ते दिवस जास्त होते. गाडी ठेवून दिवस राहत नाहीत.

चक्रधर

दिवस राहत नाहीत हे मलाही कळतं. पण किल्ली फिरवली की त्यातला एखादा तास परत येतो. तेवढा मला पुरेसा होता.

स्पॅनर_हातात

विकणं-ठेवणं नंतर बघू. आधी ते दर रविवारचं पाच मिनिटं चालू ठेवणं बंद करा, कळकळीने सांगतो. बहुतेकजण हेच करतात आणि त्यानेच गाडी खराब होते. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती बाहेर पडते. पाच मिनिटांत ते तापत नाही, मग तेच पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइलला दुधाळ रंग येतो. यापेक्षा हात न लावलेला बरा.

गाडी ठेवायची असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, चारही गिअर टाका, ब्रेक वापरा. तेवढं जमणार नसेल तर निदान कार्ब्युरेटरचा कप रिकामा करून ठेवा, बॅटरी काढून आत ठेवा आणि चार्जरला लावत जा. बारा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बाराच्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती परत उठत नाही.

माझं मत म्हणाल तर चालवणार असाल तर ठेवा, झाकून ठेवणार असाल तर द्या. जुनी गाडी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. यामाहाची एसआर ४०० १९७८ साली आली आणि तिची शेवटची आवृत्ती निघाली २०२१ साली, तीही किकनेच सुरू होणारी. साधं इंजिन, उघडता येतं, समजतं, दुरुस्त होतं.

तारामती

सगळे इंजिनावर बोलताहेत, ब्रेकवर कोणी बोलेल का? माझे मिस्टर तीस वर्षांची गाडी चालवतात आणि मी मागे बसते, म्हणून हे मला जवळून माहीत आहे. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक काही क्षण पकडतच नाही. उतारावर सलग दाबून तापला की मऊ पडतो. मोटरसायकलला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, पहिल्यांदा मिळालं ते १९८८ साली, बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत. म्हणजे ही सोय काही कालची नाही. एबीएस असलेल्या गाडीवर ओल्या रस्त्यात चाक सहसा अडकत नाही. जुनीवर सगळा हिशेब तुमच्या बोटांत आणि पायात असतो. वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर तो हिशेब तेवढाच पक्का राहतो का, हा प्रश्न प्रेमाने सुटत नाही.

मी विका असंच म्हणेन. आणि त्या मुलाने सीट कापलं तर कापू दे. गाडी त्याची झाल्यावर ती त्याची.

चक्रधर

कापू दे कसं? मूळ सांगाडा एकदा कापला की तो परत जोडून पूर्वीसारखा होत नाही. या वयाच्या, एका हातच्या, मूळ रंगाच्या गाड्या दरवर्षी कमी होत चालल्यात. द्यायचीच असेल तर जशी आहे तशी ठेवणाऱ्याला शोधून द्या. थांबायला काय हरकत आहे?

रानवाट

अट घालून विकलेली गाडी विकलेली नसते. त्या मुलाने निदान खरं सांगितलं. "काका, जपेन" म्हणून नेऊन दुसऱ्या दिवशी कापली असती तर तुम्ही काय करणार होता? इतका प्रामाणिक गिऱ्हाईक मला तरी कुणी भेटलेला नाही.

पानगळ

मला एक वेगळंच विचारायचंय. निळीटाकी, तुम्ही लिहिलंय, वेळ मिळत नाही. पण दर रविवारी कव्हर काढून, पुसून, चालू करून परत झाकायला अर्धा तास तरी जातो. तेवढ्यात दहा किलोमीटरची फेरी होते. जवळपास पाव शतक तुम्हाला वेळ मिळत होता आणि बरोबर दोन वर्षांपूर्वी तो संपला. तेव्हा काय झालं? सांगायचं नसेल तर राहू द्या.

निळीटाकी

पानगळ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पाऊस नुकताच थांबला होता. मुलगी मागे बसलेली. वेग फार नव्हता, तीस-पस्तीस. वळणावर पुढे एक कुत्रं आलं, मी ब्रेक मारला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. दोघंही आडवे झालो. तिच्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. ती उठून हसली आणि म्हणाली, बाबा, आरसा तुटला बघा. मी मात्र तिथे पाच मिनिटं उभा राहू शकत नव्हतो, पाय थरथरत होते. त्या रस्त्यावरून मी रोज गेलोय. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा मारायचा हे मला झोपेतही माहीत होतं. मग चुकलं कुठे?

घरी सगळ्यांना सांगितलं की कामं वाढलीत. मुलीलाही तेच. दोन वर्षांत झालेले ते शंभर किलोमीटर सगळे रिकाम्या रस्त्यावरचे, पहाटेचे. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तारामती

हे सांगितलंत ते फार बरं केलंत. मुलीला नक्की सांगा. तिला बहुधा कळलेलं असेलच.

माझं मत मात्र बदललं नाही, उलट पक्कं झालं. ज्या गाडीवर हात घट्ट होतात ती गाडी पावसात चालवू नये.

स्पॅनर_हातात

थांबा. मागचा टायर किती जुना आहे? टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत डॉट (DOT) असं लिहिलेलं असतं, त्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २००० सालापासून हीच पद्धत आहे. आकडे एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूने बघा. जाऊन बघून या आणि इथे लिहा.

निळीटाकी

आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं. ३११२. म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. मी हा टायर बदललेलाच नाही. नक्षी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, म्हणून कधी शंका आली नाही. नखाने दाबून बघितलं, दगडासारखा लागतो. खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत.

स्पॅनर_हातात

मग तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. रबर झिजतं तसं ते वाळतंही. गाडी कमी चालली की नक्षी टिकते आणि मालकाला वाटतं टायर चांगला आहे. आतून तो कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्याला धरत नाही. दहा वर्षं झालेला टायर दिसायला कसाही असला तरी बदला, असं बहुतेक टायर बनवणारेच सांगतात. त्यात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि पहिलं तेच अडकतं. तुमचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणणार नाही, ते मी पाहिलेलं नाही. पण त्या टायरवर कुणीही घसरलं असतं.

दोन्ही टायर बदला, ब्रेक शू बघून घ्या, केबलला ऑइल द्या. मग एखाद्या मोकळ्या मैदानात एकटे जाऊन, हळू वेगात, वीस-पंचवीस वेळा नुसता ब्रेक मारून बघा. हात काय म्हणतात ते तिथे कळेल.

चक्रधर

निळीटाकी, आता तरी विकू नका. भीतीच्या भरात विकलेल्या गाडीचा सल सगळ्यात जास्त दिवस राहतो. माझी मी आळसाने विकली होती, तरी इतकी वर्षं झाली.

रानवाट

टायरचं खरं कारण सापडलं याचा मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट राहून जातेय. हीच गाडी, याच टायरवर, रविवारी तो मुलगा चालवून बघणार होता. काहीही ठरवा, आधी त्याला फोन करा.

निळीटाकी

केला. रात्री साडेनऊला केला. टायरची तारीख सांगितली, मी पडलो होतो तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, काका, मग टायर बदलल्यावर बोलवा.

रविवारची भेट पुढे ढकलली आहे. टायर उद्या बघायला जातोय. स्पॅनर_हातात यांनी सांगितलं तसं मैदानात जाऊन बघेन.

रानवाट

ढकलणं म्हणजे न सांगता नाही म्हणणं होऊ नये. तो मुलगा वाट बघतोय. तुम्ही तीन महिने घेणार असाल तर त्याने दुसरी गाडी बघितलेली बरी.

निळीटाकी

बरोबर आहे. त्याला महिन्याची मुदत दिली आहे, तारीखही सांगितली आहे. तोवर मी अर्धा तास सरळ चालवू शकलो नाही, पावसानंतरच्या रस्त्यावरही, तर गाडी त्याची. सीट कापण्याबद्दल मी काही म्हणणार नाही, तेही त्याला कळवलंय.

चालवू शकलो तर मुलीला विचारणार आहे, मागे बसशील का. सगळं सांगून झाल्यावर.