मदत हवी आहे : कुस्तीच्या सरावानंतर बर्फाच्या पाण्यात बसावं का?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ शिवाजी पेठेत तालमीत जातो. हल्ली तिथली पोरं सराव झाला की निळ्या ड्रममध्ये बर्फाची लादी फोडून टाकतात आणि छातीपर्यंत पाण्यात बसतात. दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखतं म्हणतो, ते मला पटतंही. १० ते १५ अंशांच्या पाण्यात १०-१५ मिनिटं बसल्यानं स्नायूंचं दुखणं कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण २०१५ च्या एका संशोधनात, वजनं उचलल्यावर लगेच गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले होते. मग ताकदीच्या व्यायामादिवशी हे टाळून फक्त लढती असतील तेव्हाच करावं का? तालमीतल्या जाणत्यांनी, फिजिओथेरपिस्टनी जरूर सांगा.

दुसरी काळजी बाबांची. त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि आता तेही ड्रममध्ये उतरतो म्हणतायत. एकदम गार पाण्यात शिरलं की धाप लागते, नाडी आणि बीपी झटकन चढतं, म्हणून मी तूर्त अडवलंय. डॉक्टरांना विचारणारच आहे. तरी थंडीत पहाटे पंचगंगेवर पोहायला जाणारी बीपीवाली मंडळी इथं असतील, तर तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय?

आणि पाण्याचं तापमान मोजायचा साधा थर्मामीटर कोल्हापुरात कुठं मिळेल?