मदत हवी आहे: बाबांना वासच कमी येतो, रोजमेरी-लव्हेंडरच्या तेलांचा उपयोग होईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंहगड रोडला राहतो. बाबा ७४ वर्षांचे. हल्ली बरंच विसरतात, चष्मा कुठे ठेवला इथपासून सोसायटीचा मेंटेनन्स भरला की नाही इथपर्यंत. न्यूरॉलॉजिस्टना दाखवलंय, एमआरआय वगैरे झालं, सध्या माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट आहे म्हणाले, म्हणजे विसरणं वयाच्या मानाने जास्त पण डिमेन्शिया म्हणण्याइतकं नाही. त्यांनी एक प्रश्न मुद्दाम विचारला, वास नीट येतो का. तर नाही येत. गॅसवर दूध करपून सगळं घर भरलं तरी बाबा तिथेच पेपर वाचत बसलेले असतात. अल्झायमर आणि पार्किन्सन्समध्ये वास कमी होणं बरंच आधी सुरू होऊ शकतं हे मला तेव्हाच कळलं (नुसत्या वयानेही होतं, त्यामुळे लगेच घाबरू नका असंही डॉक्टर म्हणाले).

आता ताईने बंगळुरूहून रोजमेरी, लव्हेंडर आणि पेपरमिंटची इसेन्शियल ऑइल्स (सुगंधी अर्क) आणि ती खोलीत हवेत पसरवणारा डिफ्यूझर पाठवलाय. तिचा जीव तुटतो बाबांसाठी, म्हणून नुसतं ठेवून द्यावंसं वाटत नाही. पण लावण्याआधी थोडं वाचलं आणि अजूनच गोंधळलो.

इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४४ निरोगी लोकांवर प्रयोग केला होता. काहींच्या खोलीत रोजमेरीचा वास, काहींच्या लव्हेंडरचा, काहींच्या कसलाच नाही, आणि मग स्मरणशक्तीच्या टेस्ट. रोजमेरीवाल्यांची स्मरणशक्ती सरस निघाली पण आठवायचा वेग कमी झाला, लव्हेंडरवाले मात्र वर्किंग मेमरीत (त्या क्षणापुरतं डोक्यात धरून ठेवण्यात) मागे पडले, मूड दोघांचाही बिनवासाच्या लोकांपेक्षा बरा होता. म्हणजे ज्याला सगळे शांत झोपेसाठी म्हणून घेतात ते लव्हेंडर दिवसा बाबांसमोर लावणं उलटच पडायचं की काय?

माझा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. वासाचा संदेश नाकातून थेट मेंदूच्या भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत पोचतो, म्हणून सुगंधाचा परिणाम होतो असं सगळीकडे सांगतात. मग ज्याला वासच येत नाही त्याचं काय? जपानमध्ये २०१८ साली उंदरांना लिनालूल हुंगवलं, हा लव्हेंडरमधला मुख्य घटकांपैकी एक, आणि त्यांची भीती कमी झाली, पण ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता काढून घेतली होती त्यांच्यावर काही परिणाम नाही. म्हणजे आमचा विषय संपला. पण मॉस यांच्याच २०१२ च्या छोट्या अभ्यासात रोजमेरीच्या वासात बसलेल्या लोकांच्या रक्तात सिनिओल (रोजमेरीच्या तेलातला एक घटक) सापडलं, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांची टेस्टमधली कामगिरी बरी. म्हणजे श्वासावाटे रक्तात जाऊनही काम होत असेल तर वास येण्याची गरजच नाही? दोन्हीतलं बाबांना काय लागू पडतं हेच मला समजत नाहीये.

त्यात परवा मंडईतून बायकोने मरवा आणि दवणा आणला. मरव्याची काडी चुरगाळून बाबांच्या नाकापाशी धरली, काहीच नाही. दवणा धरला तर थोडं थांबून म्हणाले, "चैत्र लागला का?" आणि मग गावच्या जत्रेबद्दल बराच वेळ बोलत बसले, नावांसकट. इतके मोकळे बोलले की आम्ही दोघं नुसते ऐकत राहिलो. म्हणजे वास पूर्ण गेलेला नाही.

औषधं बंद करायचा अजिबात विचार नाही. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे आणि आईला दमा आहे. कोणी घरातल्या वयस्कर माणसासाठी असं काही केलंय का, की डिफ्यूझर बाजूला ठेवून दवण्यासारखंच काहीतरी करावं?

ओवी_सहकारनगर:
दादा, तुमच्या घरात डिफ्यूझर मी तरी लावणार नाही. बंद खोलीत तासन्‌तास वाफारा म्हणजे काकूंच्या दम्याला आमंत्रण. आणि रोजमेरीत सिनिओल आणि कापूर दोन्ही असतात. निलगिरी आणि कापराच्या तेलांनी, बामनी फिट आल्याच्या केसेस बंगळुरूच्याच मेंदूतज्ज्ञांनी नोंदवल्यात, त्यामुळे काकांना कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाटल्या छोट्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, ही तेलं पोटात गेली तर थोडीसुद्धा महागात पडतात.

पेठेतला_वाचक:
स्मेल ट्रेनिंग शोधा. जर्मनीत ड्रेस्डेनला हुमेल यांच्या टीमने २००९ मध्ये वास गेलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले आणि काही जणांना फरक पडला. त्याने विसरभोळेपणा जाईल असं मी म्हणत नाही, ते वासापुरतं आहे. पण लवंग, लिंबाची साल, गुलाब हे घरात असतंच, तेल लागत नाही. आधी ईएनटीला दाखवा, नाकात पॉलिप (मांसाची मऊ वाढ) किंवा जुनी सर्दी असेल तर ती वेगळी गोष्ट.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. ईएनटीची अपॉइंटमेंट घेतोय. डिफ्यूझरबद्दल ताईला आजच फोन करून नीट सांगतो. लवंग-लिंबाबरोबर दवणा आणि ओलं वाळ्याचं मूळ पण ठेवू का, की ओळखीचे वास घेतले तर चालत नाही? आणि चैत्र संपल्यावर पुण्यात ताजा दवणा कुठे मिळतो, कुंडीत लावलाय का कोणी?