मदत हवी आहे: मावशीचे निराधारचे पैसे बंद झालेत

निशिगंध: दिवाळीपासून पैसे नाहीत. बँकेत म्हणतात वरूनच आले नाहीत, तहसीलला म्हणतात आधार बघा. पासबुक भरून आणलं, शेवटची एंट्री नुसती व्याजाची. बीपीच्या गोळ्या उधारीवर चालल्यात. प्लीज लवकर सांगा.

भांडुपकर: संजय गांधी निराधार योजना की म्हाताऱ्यांची श्रावणबाळ? वय? हयातीचा दाखला दिला होता का?

निशिगंध: निराधारचेच हो, पंधराशेवाले. वय ७१. दाखला दिलाय.

चाळकरी: मुलं काय करतात? आईवडिलांच्या पोटगीचा २००७ चा कायदा आहे, प्रांतांकडे अर्ज करा. वकील लागत नाही, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते.

निशिगंध: मुलगा विरारला असतो, वॉचमन आहे. त्याचंच भागत नाही. मावशी त्याच्यावर अर्ज करणार नाही आणि मीही सांगणार नाही.

चाळकरी: मग सरकारने का द्यायचं? आईबापांना सांभाळणं मुलाचंच काम.

सुमन_ताई: विरारहून रोज लोकलने येऊन बारा तास ड्युटी करणाऱ्याने कुठून द्यायचं? कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं ही अट. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. आधी ती मर्यादा वाढवायला हवी.

राजा_लालबाग: लाडकी बहीणचा फॉर्म भरा ना.

सुमन_ताई: ती ६५ पर्यंतच आहे. वय वाचा वर.

गिरणगाव: आमच्या वडिलांना ईपीएस ९५ चे, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनचे, हजार रुपये मिळतात. २०१४ पासून किमान पेन्शन तेवढीच आहे. त्यावर कोणी बोलत नाही.

भांडुपकर: त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो. निशिगंध, ७१ म्हणजे श्रावणबाळ. रक्कम सारखीच, म्हणून गल्लत होते. आता पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात. फॉर्मवरच्या खात्यात नाही, आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात. मावशींनी मध्ये दुसरं खातं उघडलं का?

निशिगंध: हो! सुनेने गॅसच्या सबसिडीसाठी काढून दिलं होतं, विरारला. त्याचं पासबुक तिच्याकडेच आहे.

भांडुपकर: मग आधी ते भरून घ्या, पैसे बहुतेक तिथेच पडलेत. नसतील तर आधारच्या साइटवर बँक सीडिंग बघा, कुठली बँक जोडली आहे ते कळतं. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

निशिगंध: मुलाच्या. रात्रपाळीला आहे, सकाळी फोन करते.